केडगावचा कॉम्प्युटर आणि आमचा जळफळाट

गाण्याबजावण्याच्या लोकांत बसलं की गाणी कमी आणि भानगडी जास्त ऐकायला मिळतात. चांगलं झालेलं रेकॉर्डिंग कुणाच्या लक्षात राहत नाही. बिघडलेलं मात्र जन्मभर पुरतं! आमच्यात आजही कुणी नुसतं "अरे, ती फ्लॉपी..." एवढं म्हटलं, की दुसरा "थांब, मी सांगतो" म्हणून सरसावतो, आणि ज्याची फजिती झालेली असते तो चहा आणायला उठतो.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी नगरला एका शाळेत संगीत शिक्षक. पेटी शिकवायचो, कीबोर्ड वाजवायचो, आणि घरी कॅसेटवर चार ट्रॅक भरता येणारं एक यंत्र होतं, त्यावर हौसेनं गाणी रेकॉर्ड करायचो. असलं यंत्र गावात दुसऱ्या कुणाच्या घरी नसणार, अशी माझी समजूत होती. त्या समजुतीवर मी फार सुखात होतो.

रवी साळवे माझा मित्र. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला, राहायला केडगावला. भीमजयंतीसाठी गाणी लिहायचा, चाली लावायचा आणि त्याची बायको वैशाली ती गायची. या रवीनं एक दिवस घरी कॉम्प्युटर आणला. त्यात साउंड कार्ड, त्यात रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर! चार ट्रॅक कसले, हवे तितके घ्या. आवाज नुसता ऐकू यायचा नाही, पडद्यावर हिरव्या लाटांसारखा दिसायचासुद्धा!

मी बघून आलो. घरी येऊन माझ्या यंत्रावर जुना टॉवेल टाकला.

मंदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "काय झालं हो?"

म्हटलं, "काही नाही. धूळ बसते."

*

रवीचं पहिलं गाणं तयार झालं. पण ते कॉम्प्युटरमधून बाहेर कसं काढायचं? पुण्यात त्याच्या ओळखीच्या एकाकडे सीडी रायटर होता. गाणं तिथवर न्यायचं म्हणजे फाइल न्यायची.

रवी मला भेटला तो खिशातून एक फ्लॉपी काढून नाचवतच. "अख्खं गाणं यात बसलं!"

मी ती फ्लॉपी उलटसुलट करून पाहिली. आवाजाची फाइल केवढी मोठी असते ते मी तोवर इकडेतिकडे वाचलं होतं. एका गाण्याला पिशवीभर फ्लॉप्या लागल्या असत्या. आणि या पठ्ठ्याचं एकीत बसलं! वर जागा शिल्लक! मी त्याला विचारलं, कसं काय? तर म्हणतो, "सेव्ह करायची एक पद्धत असते."

पद्धत असते म्हणे! मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

रवी एसटीनं पुण्याला गेला. तिथल्या माणसानं फ्लॉपी घातली, फाइल उघडली. पडद्यावर ट्रॅक आले, ट्रॅकची नावं आली, ढोलकी, पेटी, आवाज, सगळं ओळीनं. प्ले दाबलं. शांतता. पुन्हा दाबलं. पुन्हा शांतता!

झालं असं होतं, की रवीनं नेलेल्या फाइलमध्ये कुठला आवाज कुठे वाजवायचा एवढाच नकाशा होता. खरे आवाज सगळे केडगावलाच राहिले होते. गाणं एक्स्पोर्ट करून त्याची वेगळी फाइल करावी लागते, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

तो पुण्याचा माणूस शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्ही पत्रिका घेऊन आलात. नवरानवरी कुठायत?"

त्या दिवशी मी पिठलं दोनदा वाढून घेतलं.

*

पुढे रवी एक्स्पोर्ट करायला शिकला. त्या वेळचं यंत्र हळू. गाणं जेवढं लांब, तेवढाच वेळ एक्स्पोर्ट चाले, आणि तोवर गाणं स्पीकरवर वाजत राही. मध्ये कुणी माउस हलवला तरी आवाज अडखळायचा, म्हणून रवीनं नियम केला, "एक्स्पोर्ट चालू असताना कुणी कशाला हात लावायचा नाही."

या नियमाचा घरात भलताच अर्थ निघाला. आपण बोललो तर ते गाण्यात जाईल! साळवेमावशी, म्हणजे रवीची आई, पंखा बंद करायच्या. वैशालीवहिनी बांगड्या काढून ठेवायच्या. बापू ढोलकीवाला पुतळ्यासारखा उभा. हा बापू कर्जतचा, घरची शेती, पण हात असा, की ढोलकी नुसती जवळ घेतली तरी बोलायची. तोही श्वास आवरून उभा राहायचा. आणि रवी मध्यभागी खुर्चीत, एखाद्या ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरसारखा! कुणाला "अरे, बोला की" म्हणून सांगेल तर शपथ. माझ्या घरी रेकॉर्डिंगला कधी कुणी असा मान दिला नव्हता.

एकदा असंच एक्स्पोर्ट चालू असताना शेजारच्या काकू दारात आल्या. मावशींनी ओठांवर बोट ठेवलं. काकू थांबल्या. मग हातानं काहीतरी खुणा करू लागल्या. मावशींनी डोळे वटारले. काकूंनी आणखी जोरात हात हलवले. रवीनं मागे न बघता बोट वर केलं.

गाणं संपलं. मावशी म्हणाल्या, "हं, आता बोला."

काकू म्हणाल्या, "अवो, तुमचं दूध उतू गेलं! मघाधरनं तेच सांगतीय!"

मावशी आत धावल्या. तेव्हा बापूनं आपल्या हातातल्या माईककडे पाहिलं. मग माईकची वायर ओढत ओढत तिचं टोक समोर आणलं. पिन मोकळीच!

"रवीभाऊ," तो म्हणाला, "हे कुठं लावलेलंच न्हाई. मग मी श्वास कशापायी धरला हुता?"

*

शेवटी मीही कॉम्प्युटर घेतला. जळून जळून घेतला म्हणा ना. स्पीकर मुद्दाम रवीच्या स्पीकरपेक्षा मोठे घेतले. मंदानं त्यांना ओवाळलंसुद्धा.

पण आवाज येईना! गाणं चालू, पडद्यावर लाटा पळताहेत, आणि स्पीकर ठार बहिरे. मी सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. आवाजाच्या सगळ्या पट्ट्या वर केल्या. एकही चौकोन उघडून पाहायचा ठेवला नाही. मंदा दर थोड्या वेळानं येऊन विचारायची, "बोलला का?" जसं काही घरात तान्हं मूल आहे!

रवीला बोलवायचं नाही असं ठरवलं होतं. मंदानंच फोन केला.

तो कारखान्यातून सुटल्यावर थेट आला. कॉम्प्युटरच्या मागे वाकला. क्षणभरच! स्पीकरची पिन मी माईकच्या भोकात खोचली होती. त्यानं ती काढून शेजारच्या भोकात घातली आणि घरात गाणं दणाणलं.

माझी मान खाली. आता हा चार ठिकाणी सांगणार, बापूला सांगणार, वैशालीवहिनी हसणार! तेवढ्यात मंदा चहा घेऊन बाहेर आली. "काय झालं होतं हो, भाऊजी?"

रवी कपाळ पुसत म्हणाला, "मोठा बिघाड होता, वहिनी. यांनी निम्मा काढलाच होता, म्हणून मला सापडला."

आणि चहा पिऊन निघून गेला. हा माणूस मला धड जळूही देत नाही!

*

माझ्या कॉम्प्युटरवर मी मंदाचा एक अभंग केला. सगळे ट्रॅक मिळून एक फाइल करायची माझी पद्धत सोपी होती. गाणं वाजवायचं, आणि कॉम्प्युटरमधून जे काही ऐकू येतंय ते त्याच्यातच पुन्हा रेकॉर्ड करायचं. जे काही म्हणजे अगदी जे काही!

अभंगाच्या शेवटच्या कडव्याला, नेमका समेवर, आवाज आला, "टण्ण!" डिस्क भरत आली म्हणून कॉम्प्युटरनं इशारा दिला होता, तो तसाच गाण्यात उतरला. पुन्हा करायचा मला कंटाळा आला. कॅसेटी भरून तशाच ओळखीच्यांना वाटून टाकल्या.

लोकांना ती घंटा इतकी आवडली! बापूच्या गावचे लोक म्हणाले, देवळात उभं राहिल्यासारखं वाटतं. रवीनं कॅसेट ऐकली आणि त्याचा चेहरा पडला. मी तो चेहरा डोळे भरून पाहून घेतला.

"घंटा कुठली रे?" त्यानं विचारलं.

म्हटलं, "आहे एक."

रवी भांड्यांच्या बाजारात गेला. एकेक घंटा हातात घेऊन चमच्यानं वाजवून बघायचा, कानाशी धरायचा, मान हलवायचा. दुकानदार म्हणाला, "घरात देव किती आहेत तुमच्या?" रवी म्हणाला, "एकही नाही. मला फक्त आवाज पाहिजे!"

शेवटी एक पितळी घंटा जरा जवळची मिळाली. ती घेऊन घरी आला आणि कॉम्प्युटरसमोर बसला. रेकॉर्डिंग चालू केलं. घंटा उचलली. अजून हलवलीही नव्हती, आणि आवाज आला, "टण्ण!"

रवीनं घंटेकडे पाहिलं. मग कॉम्प्युटरकडे. त्याचीही डिस्क भरत आली होती. मग मला फोन लावला आणि नुसतीच ती पितळी घंटा रिसीव्हरपाशी वाजवली.

*

खर्ड्याकडच्या एका गावात ग्रामपंचायतीची निवडणूक होती. तिथले उमेदवार आबा बापूच्या नात्यातले. प्रचाराचं गाणं रवीनं केलं. वैशालीवहिनींनी आबांचं नाव असं खणखणीत गायलं होतं, की मला ऐकून वाटलं, आपणच उभं राहावं.

एक्स्पोर्ट केल्यावर रवी फारच खूश होता. "ऐक, आवाज कसा दोन्ही बाजूंना पसरलाय! खोली भरून गेली!" मला पुन्हा पोटदुखी. माझा आवाज असा कधी पसरला नव्हता.

कॅसेट टेम्पोवर लागली. टेम्पोवर भोंगा एकच. गावभर टेम्पो फिरला. ढोलकी कडकडतेय, पेटी वाजतेय, आणि गाणारीचा आवाजच नाही! नाव नाही, निशाणी नाही. नुसतंच म्युझिक!

कारण नंतर कळलं. रवीच्या हातून एका बाजूचा आवाज उलटा पडला होता, म्हणजे इकडे लाट वर तर तिकडे खाली. दोन स्पीकरवर ते मोठं झकास वाटायचं. पण एका भोंग्यात दोन्ही बाजू एकत्र आल्या, की मधोमध ठेवलेला आवाज एकमेकाला खाऊन टाकायचा. बापूची ढोलकी एका बाजूला आणि पेटी दुसऱ्या बाजूला ठेवली होती, म्हणून त्या वाचल्या.

आबा तणतणत आले. बापूला म्हणाले, "विरोधक आमचा आवाज दाबत्यात, आसं मी आजवर भाषनात म्हनत हुतो. तुमी तर खराच दाबला की रं!"

पण तोवर पोरं टेम्पोच्या मागे नाचत होती. विरोधी पार्टीचीही! कुणाच्या प्रचाराचं गाणं आहे ते कळतच नव्हतं, त्यामुळे नाचायला कुणाची अडचण नव्हती. टेम्पो फक्त आबांच्या दारात थांबायचा, एवढं मात्र सगळ्यांना दिसायचं. आबा निवडून आले!

विजयाचा गुलाल उडाला तेव्हा लोकांनी खांद्यावर घेतलं ते बापूला. वैशालीवहिनींना कुणी विचारलंही नाही. त्या पुढे कितीतरी दिवस बापूशी तुटक वागल्या.

आणि पुढच्या निवडणुकीला आबांचा निरोप आला, "ह्या टायमाला बी नुसतंच वाजवा."

*

आता बायकांचं सांगतो. वैशालीवहिनी आणि मंदा एकमेकींशी गोड बोलायच्या. इतकं गोड, की रवी आणि मी घाबरून गच्चीत जाऊन उभे राहायचो.

वैशालीवहिनींच्या एका गाण्याची कॅसेट आमच्या घरी आली. मंदानं ऐकली. मग पेटी ओढली, वरच्या काळ्या पट्ट्यांत स्वर शोधला, आणि थंड आवाजात म्हणाली, "ही काळी पाचच्या आसपास गातेय."

मी म्हटलं, "छे! ती काळी चारच्या वर जात नाही."

"मग हे काय आहे?"

खरंच, कॅसेटवर स्वर चढा होता. ढोलकीही जरा पळत होती.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी पहाटे रियाज सुरू झाला. काळी पाच! मंदा गरम पाणी पिई, लोणचं खाईना, माझ्याशी खुणांनी बोले. कुकरची शिट्टी झाली तरी तिचा सूर कोणता ते बघे. आणि एक दिवस तिनं ते गाणं त्या पट्टीत सलग, न अडखळता गायलं. मी पेटीवरचा हात काढून नुसता ऐकत बसलो. इतकी वर्षं ती माझ्यासमोर गात होती, पण तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

त्याच आठवड्यात रवी आला. म्हणाला, "अरे, ती कॅसेट परत दे. रेकॉर्डिंगचा वेग एक होता आणि एक्स्पोर्ट दुसऱ्याच वेगानं झालं. सगळंच चढं वाजतंय. वैशालीला कुठलं तेवढं झेपायला!"

मंदा आतून बाहेर आली. "म्हणजे त्या तसं गायल्याच नाहीत?"

"नाही हो, वहिनी."

मंदानं कॅसेट काढून रवीच्या हातात दिली. पण संध्याकाळी केडगावला जाऊन वैशालीवहिनींना ते गाणं काळी पाचमध्ये म्हणून दाखवून आली. "तुमच्यासारखं नाही जमत," असंही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रवीचा फोन. "सुहास, आमच्याकडे पहाटे रियाज सुरू झालाय. काय केलंस हे?"

*

यानंतर आली कर्जतची गोष्ट. तिथल्या एका मंडळाला गाण्याच्या कार्यक्रमासाठी एक गायिका हवी होती. एकच! बापूनं दोघींचीही नावं सुचवली आणि मंडळानं नमुन्याची कॅसेट मागितली.

एकच गाणं दोघींनी गायचं ठरलं. साथसंगत तीच, पेटी माझी, ढोलकी बापूची, फक्त आवाज वेगळा. रेकॉर्डिंग रवीकडे. एका ट्रॅकवर वैशालीवहिनी, दुसऱ्यावर मंदा. एकीची कॅसेट करताना दुसरीचा ट्रॅक म्यूट करायचा, की झालं. रवीनं तसं वाजवूनही पाहिलं. व्यवस्थित!

पण दोघींनी एक अट घातली. आपली तयार कॅसेट दुसरीसमोर वाजवायची नाही. म्हणून रवीनं स्पीकर बंद ठेवूनच गाणी एक्स्पोर्ट केली आणि दोन कॅसेटी भरल्या. बापूची एसटी निघायला आली होती. त्या घेऊन तो माळीवाड्याच्या स्टँडवर पळाला.

चार दिवसांनी बापू हसत हसत आला. "मंडळाला लई आवडलं! दोगी बी पसंत!"

"एकच पाहिजे होती ना?" मी म्हटलं.

"व्हय. पन ते म्हनत्यात, दोन्ही कॅसेटींत दोगी एकदमच गात्यात. ह्या बहिनींची जोडी फोडायची न्हाई."

रवी पळत जाऊन कॉम्प्युटरपाशी बसला. म्यूट केलेला ट्रॅक वाजवताना गप्प राहायचा, पण एक्स्पोर्ट करताना सॉफ्टवेअरनं म्यूट मानलाच नव्हता. दोन्ही फाइलींत दोघी होत्या. या वेळी रवीनं स्पीकर चालू केले आणि आम्ही सगळ्यांनी पहिल्यांदा ते ऐकलं. एकीनं जागा घेतली तिथे दुसरी सरळ गायली होती. एकीनं श्वास घेतला तिथे दुसरीनं स्वर धरून ठेवला होता. मुद्दाम बसवूनही इतकं जमलं नसतं!

दोघी पदर सारखा करत उभ्या होत्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

रवी म्हणाला, "मंडळाला खरं काय ते कळवू या. एकीनं माघार घ्यायची."

"मग घ्या ना तुम्ही, मंदावहिनी," वैशालीवहिनी म्हणाल्या.

"छे, तुम्हीच घ्या. तुमच्या घरचं रेकॉर्डिंग," मंदा म्हणाली.

माघार कुणीच घेतली नाही. एकत्र तालीमही नाही. कर्जतला जाताना जीपमध्ये दोघी दोन खिडक्यांना, आणि मध्ये ढोलकी घेऊन बापू!

मैदानात गर्दी मावत नव्हती. दोन माईक होते, त्यातला एक ऐनवेळी बंद पडला. दोघींना एकाच माईकसमोर, खांद्याला खांदा लावून उभं राहावं लागलं. निवेदकानं पुकारा केला, "नगरच्या गुणी भगिनी!" मी पेटीवर खाली बघत स्वर दिला. रवी विंगेत नखं खात होता.

मुखडा दोघींनी एकदमच उचलला. दुसऱ्या अंतऱ्याला एक ओळ वैशालीवहिनी एकट्याच घ्यायला गेल्या, पण घशाला कोरड पडली, शब्द ओठांवर आला आणि आवाज उमटेना. माझा हात थबकला. मंदानं मान न वळवता त्यांची ओळ उचलली, त्यांच्याच हरकती-मुरक्यांसकट पुरी केली आणि समेच्या आधी माईकपासून अर्धं पाऊल मागे झाली. वैशालीवहिनींनी सम गाठली. लोकांना वाटलं, असंच बसवलंय. टाळ्यांनी मंडप डोक्यावर घेतला.

कार्यक्रम संपल्यावर पहिल्या रांगेतली एक म्हातारी काठी टेकत स्टेजवर चढून आली. तिनं दोघींचे हात आपल्या हातांत घेतले, कडाकडा बोटं मोडली आणि कौतुकानं विचारलं, "सख्ख्या बहिनी दिसत्यात. तुमच्यात थोरली कोन गं?"

दोघींनी एकाच वेळी एकमेकींकडे बोट दाखवलं.

"ह्या!"